पेटीवाल्यांचे साडभाऊ

आमच्या कम्युनिटी रेडिओवर परवा खंजिरी भजन मंडळाचा लाईव्ह कार्यक्रम होता. बोलावले सहा, आले सात. सातवे म्हणजे पेटीवाल्यांचे साडभाऊ. गात नाहीत, वाजवत नाहीत. गाडीवर मागं पेटी धरून बसायला आले होते.

मे महिना, नागपूर आणि गच्चीवरचा स्टुडिओ. कूलर लावला की माईकवर धबधबा पडतो, म्हणून लाल दिवा लागला की कूलर बंद. मग कूलरच्या ओलाव्यात मिळवलेला तबला कोरड्या उकाड्यात चढत जातो. पेटीचा सूर काही हलत नाही, त्यामुळं तबलजी हातोडी घेऊन अर्धा कार्यक्रम ठोकाठोकीतच घालवतात. साडभाऊंचं मत, "तापला म्हणजे रंगात आला."

सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ते माझ्याजवळ सरकले.

"भाऊ, मले एक मिनिट द्या. नगरसेवक साहेबानं मंडळाले सतरंजी देल्ली. आभार मानून देतो."

"काका, इथं राजकारण चालत नाही."

"माजी हायेत ना ते! आता कायचं राजकारण?"

"तरी नाही. आम्हाला स्वतःच्या बातम्यासुद्धा देता येत नाहीत. आकाशवाणीच्या आहेत तशा लावाव्या लागतात."

"हे बातमी कुठं हाय? सतरंजी मागच्या गणपतीत देल्ली."

"मग आता कशाला?"

"तवा रेडिओ नोहता. बरं, नाव नाही घेत. नुसतं म्हणतो, सतरंजी देणाऱ्याचे आभार. ज्याले समजाचं त्याले समजते."

"काका, नियम आहे."

"आकाशवाणीवर तं सांगतेत."

"सतरंजीचे आभार? आकाशवाणीवर?"

"सांगत असतीन. आमच्याकडं लाईन जाते."

पेटीवाले हा सगळा वेळ भात्याकडं बघत होते. साडूला काही म्हणायची सोय नसते.

दिवा लागला. पहिलं भजन इतकं सुरेख लागलं, की मी घाम पुसायचंही विसरलो. दुसऱ्या कडव्याला साडभाऊंनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला, आमचंच स्टेशन लावलं आणि आवाज मोठा केला. खरंच बाहेर जातं का, हे बघायला. माईकनं ट्रान्झिस्टर ऐकला, ट्रान्झिस्टरनं माईक ऐकला, आणि अशी शिट्टी निघाली की खंजिरीवाला थांबला. त्या शांततेत साडभाऊ स्वच्छ बोलले, "लागलं, साहेब! सतरंजीवर बसूनच गाऊन राह्यले!"

हसा तुम्ही. पण ज्या खंजिरीवर तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं जागवली, तिला शहरातल्या मोठ्या एफएमवर जागा नाही. तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत मुंबईचीच गाणी. जागा उरली ती आमच्याकडं. 2006 साली सरकारनं सामाजिक संस्थांना असं स्टेशन चालवायची मुभा दिली, ताकद मात्र 100 वॅटची आणि मनोरा 30 मीटरचा. दहा-बारा किलोमीटरनंतर खरखर. मंडळाला मानधन काय? चहा, तर्री-पोहे आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. पेट्रोल त्यांचं, घाम त्यांचा. रोजीवर जाणारी माणसं, दुपार बुडवून आलेली. स्टेशनच्या वाढदिवसाला भाषणं करायला येणाऱ्यांना शाल-श्रीफळ असतं, त्याचा खर्च कुठून तरी निघतोच. इथं पैशाचा विषय काढला की "लोकसेवा आहे" म्हणतात. सेवा नेहमी वाजवणाऱ्यानंच करायची.

असो. नंतर श्रोत्यांचे फोन आले. पहिल्याच बाईंनी विचारलं, "ते मधात बोलले ते कोण? आवाज लय भारी हाय त्यांचा." पेटीवाल्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

नियमाप्रमाणं प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. म्हणजे शिट्टी, सतरंजी, साहेब, सगळं कपाटात सुरक्षित. हे साडभाऊंना कोणी सांगितलं, देव जाणे. काल त्यांचा फोन आला.

"साहेब त्या टायमाले लग्नात होते, भाऊ. रिपिट कधी लागते?"