कंपनी बदलली म्हणून नो क्लेम बोनस जात नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की गाडीच्या इन्शुरन्सची कंपनी बदलली की नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य होतो. भाऊ, हे खरं नाही. मोटर टॅरिफच्या, म्हणजे गाडीच्या इन्शुरन्सच्या नियमावलीच्या, 27 नंबरच्या नियमात बोनस गाडीमालकाच्या नावावर धरलाय, त्यामुळे तो नव्या कंपनीतही तुमच्यासोबतच येतो, फक्त जुन्या पॉलिसीची कॉपी किंवा रिन्यूअल नोटीस दाखवायची. पहिल्या वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षं क्लेम नसला तर 50, म्हणजे ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम 8000 रुपये असेल तर थेट 4000 वाचतात, थर्ड पार्टीच्या (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या) रकमेवर मात्र ही सूट नसते. बोनस बुडतो तो वेगळ्याच कारणाने, पॉलिसी संपून 90 दिवस उलटले आणि रिन्यू केलीच नाही तर. हे लक्षात ठेवा, कापसाचे पैसे आले की भरू म्हणून बरेच जण इथेच अडकतात. आणि क्लेम घेतलेला असताना नव्या कंपनीला "घेतला नाही" असं सांगू नका, ते जुन्या कंपनीकडून तपासतात आणि गाडी ठोकल्यावर क्लेम नाकारला जाऊ शकतो. तो मेसेज आला तर पुढे ढकलू नका, ज्यांनी पाठवलाय त्यांना हे पाठवा.