टिंबांची फुगडी

लातूरकरांना वाट बघायला शिकवायची गरज नाही. 2016 च्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, त्या गाडीची वाट बघितलेलं गाव आहे हे. तरी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांनी आम्हालाही रडवलं. पासवर्ड टाकला की ‘वेलकम’ अशी अक्षरं यायची आणि शेजारी टिंबांची फुगडी सुरू. पाहुण्याला ‘या, या’ म्हणायचं आणि दारातच उभं करायचं, तसला कारभार.

ऑफिसातला जाणकार म्हणजे मी. का, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा न फाटता माझ्या हातून बाहेर आला होता. त्या पुण्याईची फळं अजून भोगतोय.

“सर, हे अजून फिरायलंय की ओ!” लेखा विभागातल्या ताईंची हाक.

“बंद करून चालू केलं का?”

“तीनदा. आता मलाच बंद करून चालू करा.”

मोबाईलवर वेळ लावली. 6 मिनिटं 40 सेकंद. तेवढ्यात चुरमुऱ्यांची सुशीला आली, खाऊन झाली, प्लेटमधले शेंगदाणे वेचून झाले. बडे बाबूंनी व्हायरस असल्याचं जाहीर केलं. शिपाईमामांनी सर्वरपुढं उदबत्ती लावली. तिनं उंदराचा वास तेवढा कमी झाला, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी वैतागून ताईंच्या मशीनची नेटवर्कची वायरच उपटली. 20 सेकंदांत डेस्कटॉप हजर! जुना पासवर्ड यंत्राच्या लक्षात असतो, त्यावर त्यानं आत घेतलं.

“झालं की! आता असंच राहू द्या,” ताई म्हणाल्या.

म्हणजे रोग वायरीच्या पलीकडं होता. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ टाकलं, तर डीएनएसच्या, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या वाटाड्याच्या, जागी 8.8.8.8. मागं ‘नेट स्लो आहे’ म्हणून एक पोरगा येऊन गेला होता, त्याची करामत. हा पत्ता गूगलचा. जगभरच्या वेबसाइट त्याला ठाऊक, पण पासवर्ड तपासणारा आमच्या जिन्याखालचा सर्वर त्याला कोण सांगणार? गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं परगावच्या माणसाला ‘आमच्या काकूचं घर कुठं?’ विचारण्यातला प्रकार. तो मान हलवतो, यंत्र पुन्हा विचारतं, मग दुसरीकडं विचारतं, आणि आपण ‘वेलकम’ वाचत बसतो. डीएनएसला आमच्याच सर्वरचा पत्ता दिला. 35 सेकंद! ताईंनी चहा सांगितला, तोही स्वतःच्या पैशानं.

राहिले साहेब. त्यांचा डीएनएस ठीक, तरी तेरा मिनिटं. साहेब कधी केबिनमध्ये बसतात, कधी मीटिंग हॉलमध्ये. जातील तिथं त्यांचा डेस्कटॉप दिसावा म्हणून त्यांचं प्रोफाइल सर्वरवर ठेवलेलं. लॉगिन केलं की ते सगळं सर्वरवरून येणार, आणि लॉगआउट केलं की यंत्रातली प्रत पुसली जाणार, असा नियम कुणीतरी लावून ठेवलेला.

“साहेब, डेस्कटॉपवर 9 जीबी काय आहे?”

“लेकीचं लग्न,” साहेबांचा आवाज एकदम मऊ.

नेटवर्कचा स्विच जुना, 100 एमबीपीएसचा. सेकंदाला फार तर 12 एमबी. म्हणजे रोज सकाळी हळदीपासून पाठवणीपर्यंतचं अख्खं वऱ्हाड जिन्याखालून निघून केबिनपर्यंत पायी चालत यायचं. ‘डिलीट करा’ म्हणायची माझी छाती झाली नाही. लग्न उचलून सर्वरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलं आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या मिनिटात लॉगिन झालं, आणि लगेच बेल वाजली.

“माझं लग्न कुठंय?”

“लेकीचं, साहेब. हे बघा, यावर क्लिक केलं की उघडतं. मूळ सर्वरवर आहे, इथं दोन केबीचा शॉर्टकट.”

साहेब त्या चिन्हावरच्या इवल्याशा बाणाकडं बराच वेळ बघत राहिले.

“दोन केबी? आठशे पान उठलं होतं बाबा. पंगत हाय का बघ त्यात.”

पंगत होती. पाऊण तासाची. मला उठता आलं नाही.