फुकटचा उतारा

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत परवा माझ्या कादंबरीचे बाड मला परत मिळाले. बाडाची दोरी मी बांधली होती तशीच होती, गाठसुद्धा माझीच होती. तेव्हा नकाराचे कारण आतल्या मजकुरात नसणार, एवढे मला खुर्चीत टेकण्यापूर्वीच कळले. "अहो, निम्मी कादंबरी तुम्ही फेसबुकवर टाकून मोकळे झालात," प्रकाशक म्हणाले, "लोकांनी फुकट वाचलेली वस्तू मी आता कोणाला विकू?"

निम्मी नव्हे, काही उतारे. मी त्यांना हरिभाऊ आपट्यांची आठवण करून दिली. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात तुकड्या-तुकड्यांनी आली, लोकांनी ती आधी तिथे वाचली आणि तरीही शंभराहून अधिक वर्षे तिचे पुस्तक लोक विकत घेत आले, असे मी जरा आवाज चढवून सांगितले. "'करमणूक' हरिभाऊंचे स्वतःचे होते," प्रकाशक शांतपणे म्हणाले, "तुम्हीही एखादे साप्ताहिक काढा." मग त्यांनी छापील कराराचा नमुना माझ्यापुढे सरकवला, ज्यात हे लेखन पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेले नाही अशी हमी लेखकाकडून घेतलेली होती. कायदाही त्यांच्याच बाजूने बोलतो, हे मला घरी आल्यावर कळले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे कृती लोकांपर्यंत पोहोचवली की ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी कागद आणि शाई लागलीच पाहिजे असे नाही. म्हणजे ज्या मला आजवर कोणी छापलेले नाही, तो मी कायद्याच्या नजरेत केव्हाच प्रकाशित लेखक होऊन बसलो आहे, आणि ही बढती मला पुस्तक नाकारले जाण्यापलीकडे कशाच्याही उपयोगी नाही.

या संभाषणात तोवर गप्प असलेले एक गृहस्थ पडले. ते बार्शीकडचे पुस्तकविक्रेते होते, स्वाध्यायपुस्तिकांचे गठ्ठे न्यायला आले होते आणि टेम्पो येईपर्यंत त्यातल्याच एका गठ्ठ्यावर बसून चहा पीत होते. "कशावर आहे ओ सर कादंबरी?" त्यांनी विचारले. सासवडचे दोन भाऊ, सामाईक भिंतीवरून वर्षानुवर्षे चाललेला दावा आणि घराचे खरेदीखत लपवून ठेवणारी थोरली वहिनी, असे मी सांगताच त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचाही चुलत्याशी बांधावरून दावा चालू होता. त्यांनी माझ्याच फोनवर माझाच उतारा उघडायला लावला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, तो शेवटपर्यंत वाचला. टेम्पोवाल्याचा फोन दोनदा वाजला. त्यांनी तो उचलला नाही. माझे लेखन एवढ्या लक्षपूर्वक वाचणारा माणूस मी समोर बसून प्रथमच पाहत होतो आणि प्रकाशकांनीही तो पाहावा म्हणून मी मुद्दाम खुर्ची थोडी बाजूला घेतली.

"मग खरेदीखत ठेवलं कुठं तिनं?"

"ते पुस्तकात कळेल," मी म्हणालो, आणि प्रकाशकांकडे विजयी मुद्रेने पाहिले.

"न्हाई, पण धान्याच्या कोठीत आसंल, न्हाईतर माहेरी धाडलं आसंल."

"नाही हो."

"देवघरात?"

"तिथेही नाही."

"आता सांगून टाका सर, टेम्पो यायला लागलाय. मी बार्शीचा, मी कुणाला सांगणार हाय?"

प्रकाशकही पेन खाली ठेवून ऐकू लागले होते. कुतूहल शिगेला पोहोचलेले दिसत होते आणि ते ज्याला दिसायला हवे होते त्यालाच दिसत होते. अशा वेळी कोणता लेखक तोंड मिटून बसेल? मी सांगितले. भिंतीतल्या कोनाड्यापासून धाकट्या भावाच्या पश्चात्तापापर्यंत शेवटची चार प्रकरणे मी हातवारे करून सांगितली. गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली. "झ्याक," ते उठत म्हणाले, "आता इकत घ्यायचं काम न्हाई." मग दारातून वळून त्यांनी भर घातली, "पर सर, कागूद लपवून भागत न्हाई. दुय्यम निबंधकाकडं अर्ज टाका, नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल मिळती. मी सोता काढलीय."

गेली काही वर्षे मी या कादंबरीत डोके घालून बसलो आहे. तिचे उतारे अडीचशे-तीनशे लोकांनी अंगठे दाखवून गौरवले आहेत, त्यांखाली 'अप्रतिम', 'निःशब्द', 'पुढचा भाग कधी?' असे लिहिले आहे, आणि एका दूरच्या नातेवाइकांनी प्रत्येक उताऱ्याखाली न चुकता जोडलेले हात ठेवले आहेत. त्यांपैकी एकालाही घराचा मूळ कागद हरवला तर नक्कल काढता येते हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. यांतल्या निम्म्यांनी फ्लॅट घेतले आहेत आणि खरेदीच्या नोंदणीचा जो सरकारी गोषवारा मिळतो, त्या इंडेक्स टूवर ते तासभर बोलू शकतात. मग त्यांनी वाचले काय?

आणि उतारे टाकायची हौस कोणाला होती? दिवाळी अंकांना प्रकरणे पाठवावीत, तर 'साहित्य अप्रकाशित असावे' ही अट ठळक टाइपात असते आणि पोच देण्याची पद्धत मात्र बहुधा बंद पडली आहे. अंक निघून, वाचनालयांत फिरून, रद्दीत गेला तरी आपला मजकूर स्वीकारला की नाही हे कळत नाही, आणि तोवर तो इतरत्र द्यायचा नाही हा सभ्यपणा एकट्या लेखकानेच पाळायचा. दुसऱ्या एका प्रकाशकांनी बाड उघडण्यापूर्वी विचारले होते, "तुमचे फॉलोअर्स किती?" ते जमवायचे तर उतारे टाकावे लागतात, आणि उतारे टाकले तर या प्रकाशकांना लेखन शिळे वाटते. मजकूर कोणी ढापेल ही भीती घालणारे हितचिंतक आणखी वेगळे. लेखनावरचा हक्क लिहितानाच लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, तो मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो, हे त्यांना सांगून उपयोग होत नाही. माझे हस्तलिखित चोरण्याजोगे आहे असा विश्वास एखाद्या प्रकाशकाने दाखवला असता तर मी तो सन्मानच मानला असता.

टेम्पो गेल्यावर प्रकाशक थोडे विरघळले. उतारे ताबडतोब काढून टाकावेत, दोनशे प्रती लेखकाने सवलतीत घ्याव्यात, आणि पुस्तक निघाल्यावर वातावरणनिर्मितीसाठी फेसबुकवर अधूनमधून एखादा उतारा टाकत जावा, असे त्यांनी सुचवले. कोणता उतारा, हे विचारण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

उतारे मी अजून काढलेले नाहीत. शेवट मात्र बदलायला घेतला आहे, कारण जुना शेवट आता बार्शीत कोणालाही चहाच्या मोबदल्यात मिळू शकतो. वहिनी यापुढे खरेदीखत नव्हे, सासऱ्यांचे मृत्युपत्र लपवील. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते आणि न नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल कोणताही दुय्यम निबंधक देऊ शकत नाही.