पंचविशीच्या आतली बेसबॉल टीम, आणि कीपर कोण?

एडिसनला ओक ट्री रोडवर दर शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. कट्टा म्हणजे काय, तर चहाच्या दुकानाबाहेरच्या पार्किंगची बुटकी भिंत, आणि डिसेंबरात त्या भिंतीवर बसलं की खालून बर्फ वर चढतं त्यामुळे सगळे उभेच असतात, तरी घरी सांगायचं कट्ट्यावर बसलो होतो. २०२५ चा बेसबॉलचा सीझन संपून दीड महिना झालेला, बोलायला काही नाही, म्हणून आमच्यातल्या यांकीवाल्याने (न्यूयॉर्क यांकीज टीमचा भक्त) पिल्लू सोडलं की पंचविशीच्या आतल्या पोरांची ऑल-स्टार टीम काढा.

पहिला अर्धा तास वयातच गेला. ठरलं असं की ३१ डिसेंबर २०२५ ला पंचवीस पूर्ण झालेली नसावीत. लगेच बॉबी विट ज्युनियर कटाप, जूनमध्येच पंचवीसचा झाला तो. २०२४ ला .३३२ च्या सरासरीने मारून बॅटिंग टायटल घेतलेला माणूस पाच मिनिटांत गेला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पण आमचा सोलापूरकर हुलिओ रॉड्रिगेझवर अडून बसला. हुलिओचा जन्म २९ डिसेंबर २००० चा, म्हणजे दोन दिवसांनी हुकला.

"अरे दोन दिवस! सीझनभर तो चोवीसचाच होता की बे. ३२ होमर (म्हणजे सिक्सर) मारले, ३० बेस चोरले (पिचर बॉल टाकतानाच पुढच्या बेसवर पळाला), आणि तुम्ही त्याला दोन दिवसासाठी घरी बसवायलाव?"

काका म्हणाले नियम म्हणजे नियम. आमच्या वेळी सोळाखालच्या टीममध्ये दाढी आलेली पोरं खेळायची, म्हणून तर आता क्रिकेटवाले मनगटाचा एक्स-रे काढतात. मी म्हटलं काका, इथेही काही वेगळं नव्हतं, मिगेल तेहादा २००२ चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि २००८ मध्ये कबूल केलं की साहेब दोन वर्षं वय कमी सांगितलं होतं. सगळे हसले, हुलिओ बाहेर तो बाहेरच. सोलापूरकर रुसून चहा आणायला गेला.

फर्स्ट बेसला अथलेटिक्स टीमचा निक कर्ट्झ. त्यावर यांकीवाला, "अथलेटिक्सवाले सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या ग्राउंडवर खेळतात, तिथे कुणीही मारेल." आता आमच्यात एक ताई आहेत, मुलाच्या लिटल लीगचा स्कोअर लिहितात, त्यामुळे त्यांच्यासमोर उगाच फेकता येत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "२५ जुलैला एका मॅचमध्ये चार होमर मारले ते ह्यूस्टनमध्ये. सहापैकी सहा हिट. त्याआधी कुठल्याच रुकीने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूने, एका मॅचमध्ये चार मारले नव्हते." विषय संपला.

थर्ड बेसला रेज टीमचा हुनियॉर कामिनेरो, ४५ होमर, तरी यांकीवाल्याची पुन्हा कुरकुर. कारण मिल्टन चक्रीवादळात रेज टीमच्या स्टेडियमचं छप्पर उडालं आणि २०२५ चा अख्खा सीझन त्यांनी टॅम्पाला यांकीजच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या मैदानावर काढला. "म्हणजे आमच्याच अंगणात येऊन मारलेत!" सोलापूरकर चहा घेऊन परत आला होता, म्हणाला, "मग भाडं वाढवा की."

खरी मारामारी शॉर्टस्टॉपवर, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरवर. गनर हेंडरसन की एली दे ला क्रूझ. ताईंचा मुलगा, वय तेरा, स्वतः शॉर्टस्टॉप, तो एलीसाठी जीव द्यायला तयार. "काका, त्याने दोन पिचमध्ये सेकंड, थर्ड आणि होम तिन्ही स्टील केले होते! टू पिचेस!" खरंय, २०२३ च्या जुलैतली गोष्ट, ब्रुअर्सविरुद्ध, समोरच्या टीमला कळेपर्यंत हा होमवर. २०२४ मध्ये ६७ बेस चोरले. पण त्याच वर्षी २१८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) आणि २९ एरर (फील्डिंगच्या चुका), आणि त्या पोराच्या आईनेच हे आकडे त्याच्या तोंडावर टाकले, घरी गेल्यावर काय झालं असेल ते असो. हेंडरसनचं म्हणाल तर ३७ होमरवरून पुढच्या वर्षी १७ वर आला, म्हणजे तोही काही धुतल्या तांदळाचा नाही. शेवटी मतदान झालं, तीन-दोनने एली. मी हेंडरसनला मत दिलं होतं, आणि अजूनही माझं तेच मत आहे, शॉर्टस्टॉपला बॉल अडवणारा पाहिजे, पळणारा नव्हे.

आउटफिल्ड पटकन झालं, लेफ्टला जेम्स वुड, राइटला जॅक्सन चुरिओ, मध्ये पीट क्रो-आर्मस्ट्राँग. या शेवटच्या नावाला काका एकदम गप्प झाले. काका जुने मेट्सवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमचे भक्त. २०२१ मध्ये मेट्सने हा पोरगा शिकागो कब्सना देऊन हावियर बाएझ आणला, बाएझ दोन महिने खेळून दुसरीकडे गेला, आणि पोराचे २०२५ मध्ये ३१ होमर, ३५ स्टील आणि फील्डिंगचं गोल्ड ग्लव्ह. "मला त्याचं नाव सांगू नका," एवढंच बोलले.

पिचर (म्हणजे बॉलर) पायरेट्स टीमचा पॉल स्कीन्स, इथे वाद नको होता पण काकांनी काढलाच. "दहा जिंकल्या, दहा हरल्या, हा कसला बेस्ट?" अहो काका, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, १.९७ आहे, बेस्ट पिचरचा साय यंग एकमताने मिळालाय, पण पायरेट्सची बॅटिंग इतकी रडकी की याने एक रन दिला तरी मॅच हातची जाते. आपला बॉलर पाच विकेट काढतो आणि बॅट्समन ऐंशीत गुंडाळतात, त्यात बॉलरची काय चूक? सोलापूरकर म्हणाला, ही तीच टीम ना, जिने २००८ ला रिॲलिटी शोमधून भाला फेकणारी यूपीची दोन पोरं उचलली होती, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल? तीच. दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण त्याआधी अमेरिकेत कुठल्याच टीमने भारतातला खेळाडू साइन केला नव्हता.

एवढं सगळं झालं, पावतीच्या मागे नावं लिहून झाली, आणि सगळे निघायला लागले. मी म्हटलं, कॅचर? म्हणजे बेसबॉलचा कीपर?

कुणाच्या लक्षातच नाही! म्हणजे आमच्या गल्लीत जे व्हायचं तेच, सगळ्यांना बॅटिंग ओपन करायची, आणि कीपिंगला कोण तर ज्याची बॅट नाही तो. मी सात वर्षं गल्लीत कीपिंग केलंय, त्यामुळे हे मला लागलंच. मी सांगितलं ड्रेक बॉल्डविन लिहा, ब्रेव्ह्ज टीमचा, चोवीसचा, नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर. त्यांच्या नेहमीच्या कॅचरची, शॉन मर्फीची, बरगडी दुखावली म्हणून सीझनच्या पहिल्या दिवशी याला उभं केलं आणि हा टिकला. पंचविशीच्या आत चांगला कॅचर मिळणं किती कठीण, कारण त्याला नुसतं मारायचं नसतं, आख्ख्या टीमचे पिचर पाठ करावे लागतात, कुठला बॉल मागायचा ते ठरवावं लागतं, दर पिचला उकिडवं बसायचं ते वेगळंच.

यांकीवाला म्हणे, "२०२६ पासून बॉल बॅटरच्या टप्प्यात आला (स्ट्राइक) की बाहेर गेला (बॉल), या अंपायरच्या निर्णयाला चॅलेंज करता येणार, मशीन सांगणार. मग तुझा कॅचर ग्लव्ह सरकवून स्ट्राइक मिळवतो ती कला गेली की पाण्यात."

मी म्हटलं अरे, टीमला दोनच चॅलेंज, चुकलं की गेलं, आणि मागू शकतो फक्त पिचर, कॅचर नाहीतर बॅटर. डगआउटमधून, म्हणजे बाहेरच्या बाकावरून, खुणा चालत नाहीत. मग बॉल सगळ्यात जवळून कोण बघतो? आपण डीआरएसला धोनी रिव्ह्यू सिस्टिम म्हणायचो ते उगाच का? यावर सोलापूरकराने पहिल्यांदा माझी बाजू घेतली. बॉल्डविन पावतीवर आला, पण जागा उरली नव्हती म्हणून कडेला, उभा, बारीक अक्षरात.

घरी येऊन पावती बघितली तर सेकंड बेस कोराच. तुमच्याकडे कुणी असेल तर कळवा, फक्त "हेंडरसनला तिकडे सरकवा" असं म्हणू नका, त्यावर पुढचा शनिवार आधीच बुक झालाय.