व्हॅन गॉगच्या कॅफेत येशू कुठून आला?

'व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेला फ्रान्समधल्या आर्लचा रात्रीचा कॅफे म्हणजे गुपचूप काढलेलं येशूचं शेवटचं भोजन आहे. मधला वेटर येशू, भोवती बारा शिष्य, दारातून सटकणारी काळी आकृती म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य यहूदा, मागे खिडकीत क्रूस.' हा फॉरवर्ड भाचीच्या ड्रॉइंग क्लासच्या ग्रुपवर फिरला आणि मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला. आता बोलणं भाग आहे.

बारा ही बेरीज जुळवतात कशी ते बघा. मागच्या टेबलांवरची माणसं ब्रशच्या दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेली आहेत; एका ठिपक्याला एक माणूस धरायचा की दोन, हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर. दारातला यहूदा म्हणून घ्यायचा, पण उजवीकडे रस्त्यावरून चालणारे सोडायचे, कारण ते धरले की आकडा फुगतो. चित्र नेदरलँड्समधल्या ओटर्लोच्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात आहे. त्याची मोठी प्रतिमा उघडा आणि बारा हा आकडा न सांगता दोघांना वेगवेगळं मोजायला लावा.

क्रूस म्हणजे खिडकीची चौकट. येशूचा झगा म्हणजे फ्रेंच वेटरचा लांब पांढरा एप्रन. पुढे.

चित्रकाराने काय लिहिलंय? त्याच सप्टेंबरमध्ये बहीण विलेमिनला पाठवलेल्या पत्रात या चित्राचं सविस्तर वर्णन आहे: बसून पिणारी छोटी माणसं, एक प्रचंड पिवळा दिवा, त्याच्या उजेडात जांभळट-गुलाबी झालेले रस्त्याचे दगड, आणि काळा रंग अजिबात न वापरता केलेली रात्र. अडचणही तो सांगतो. जागेवर अंधारात रंगवताना निळा कुठला नि हिरवा कुठला यात गफलत होते, पण ठरावीक काळ्याकुट्ट रात्रीतून सुटायचा तोच एक मार्ग. सगळा जीव रंगात अडकलाय. येशूचं नावही नाही.

बरं, थोडं खरंही आहे. बाप पाद्री, आणि हा स्वतः बेल्जियममधल्या बोरिनाजच्या खाणकामगारांत धर्मप्रचारक होता. 'धर्माची भयंकर गरज वाटते, मग रात्री तारे रंगवायला बाहेर पडतो' अशा अर्थाचं त्याने भाऊ थिओला लिहिलं, तेही खरं. पण ते पत्र सप्टेंबरअखेरचं, त्यात चित्र आहे ऱ्होन नदीवरच्या ताऱ्यांचं. कॅफे तोवर रंगवून झाला होता.

त्याच महिन्यात तो थिओला कळवतो की ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त दुसऱ्यांदा खरवडून टाकला, मॉडेलशिवाय तो काढायचा नाही. 'म्हणूनच तर लपवला!' असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: पुढच्याच वर्षी फ्रेंच चित्रकार दलाक्रवाच्या चित्रावरून मृत ख्रिस्त आणि मरिया त्याने उघडउघड कशी रंगवली?