गाळ्यात संसार थाटणाऱ्यांसाठी काही सूचना

लोअर परळला 'इंडस्ट्रियल लॉफ्ट', म्हणजे जुन्या कारखान्याच्या गाळ्यातलं घर, भाड्याने घ्यायचं तुमच्या मनात आलंय, हे फार बरं झालं. त्याच पैशांत डोंबिवलीत बाल्कनीसकट टू बीएचके येतो, असं सांगणाऱ्या नातेवाइकांकडे लक्ष देऊ नका. त्यांना व्हाइब कळत नाही.

ब्रोकरला भलते प्रश्न विचारू नयेत. "कार्पेट किती?" हा तर नाहीच नाही. तो म्हणेल, "मॅडम, सोळा फुटी सीलिंग आहे." आपण मान डोलवायची. झोपायची सोय पोटमाळ्यावर असते. तिथे लोखंडी शिडीने चढायचं आणि वर पोचल्यावर मान खाली घालून बसायचं, कारण सोळातले अकरा फूट खालीच संपलेले असतात.

करारात 'व्यावसायिक वापर' असं लिहिलेलं दिसेल. दचकू नका. गाळा इंडस्ट्रियल इस्टेटमधला आहे, कागदोपत्री तिथे कोणी राहतच नाही. म्हणून लाइटचं बिल कमर्शियल दराने येतं, पाइपचा गॅस येत नाही आणि आधारवर गावचाच पत्ता राहू द्यावा लागतो. रात्री वॉचमनने "ऑफिस अजून चालू?" म्हणून विचारलं, तर हातातली दुधाची पिशवी मागे धरून "हो ना काका, डेडलाइन आहे," म्हणायचं. आणि करार रजिस्टर करायचा हट्ट धरू नका. "नोटरी करून टाकू, कशाला उगाच खर्च," असं मालकच प्रेमाने सांगतात. केवढा तो मोठेपणा!

लिफ्ट मालाची आहे. जाळीचं दार नीट ओढा.

पार्किंग नाही.

स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, असं जाहिरातीत असतं. कुठल्या पुलावरून, ते नसतं.

उन्हाळ्याचं एवढं मनावर घेऊ नका. जुन्या गिरण्यांमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवत, सुताचा धागा तुटू नये म्हणून. छताच्या काचा उत्तरेकडे असत, म्हणजे उजेड येई पण ऊन येत नसे आणि साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसाला धागा दिसे. थोडक्यात, तिथे निदान धाग्याच्या सोयीचा विचार झाला होता. आपल्या डोक्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. एप्रिलमध्ये भाजून निघा, जुलैत फोनवर बोलणं सोडा.

आता भिंतीबद्दल. उघड्या विटांची भिंत हा लॉफ्टचा प्राण. भाड्यातले निम्मे पैसे तिचेच असतात. तिच्यासमोर फोटो काढा, तिच्याकडे बघत चहा प्या, पण तिला हात लावू नका. मी लावला. कालनिर्णय टांगायला एक खिळा ठोकला. दीड इंची. दुसऱ्या घावाला टक् असा आवाज झाला आणि 'शंभर वर्षं जुनी' वीट हातात आली. बिस्किटाएवढी जाड. मागे चिकटवायच्या मसाल्याच्या करड्या रेघा आणि गुजरातेतल्या मोरबीचा शिक्का. टाइल! आणि टाइलच्या मागे काय होतं? रीतसर गिलावा केलेली, पिस्ता रंगाचा ऑइलपेंट दिलेली, तुमच्या-आमच्या शाळेत असायची तसली साधी भिंत. म्हणजे चांगल्या गिलाव्यावर टाइल लावून गिलावा नसल्याचं सोंग, आणि त्या सोंगाचं दरमहा भाडं. घर सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून अठरा हजार कापले. हिशोबात शब्द काय, तर 'हेरिटेज वॉल रिस्टोरेशन'. त्या टाइलचा अख्खा खोका पंधराशेला मिळतो. मी दुकानात जाऊन विचारून आले. मेसेज केला, तर उत्तर आलं, "इट्स अबाउट द कॅरेक्टर." कॅरेक्टर! खोक्यावर बॅच नंबर छापलेलं कॅरेक्टर!

बरं, हेरिटेज तरी कसलं? खाली प्रवेशाच्या बोळात कॅनव्हासवर भलामोठा फोटो लावलाय. गिरणीचं गेट, पाळी सुटलेली, टोप्या घातलेल्या माणसांची गर्दी. फोटोखाली इंग्रजीत 'अवर लेगसी'. वॉचमनकाकांना विचारलं, इथे कुठली मिल होती हो? ते म्हणाले, "मिल? इथं छापखाना होता. त्याच्या आधी बाटल्यांची बुचं बनायची." या इमारतीत साचा कधी चाललाच नाही. अवर लेगसी म्हणे.

ज्यांचा तो फोटो, त्यांचं काय झालं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि त्यातली कित्येक परत आत गेलीच नाहीत. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकांना. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची सोडून! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. कामगारांना सोडतीत नंबर लागला तर सव्वादोनशे चौरस फूट. नाही लागला तर आहेच पार कर्जतच्या वाटेवरचं शेलू-वांगणी. आणि फोटो आमच्या लिफ्टशेजारी, भाडं वाढवायला.

दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांचा फोटो! अहो लेगसीवाले, तुमच्या आजोबांनी गिरणीचं गेट आतून पाहिलं होतं का? एका तरी कामगाराच्या घरच्यांना विचारलंत का, फोटो लावू का म्हणून? बुचांच्या कारखान्याला मिल म्हणता, टाइलला वीट म्हणता, पत्र्याच्या भट्टीला लॉफ्ट म्हणता, आणि खिळा ठोकला की हेरिटेज आठवतं?

आणि तुम्हीसुद्धा! हो, अजून जाहिराती चाळताय ते. दीड लाख डिपॉझिट देताना भिंतीवर एकदा बोटाने टकटक करून बघता येत नाही? चावी घेताना आणि देताना फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याचे. मीटर घरगुती आहे की कमर्शियल, ते आधी बघा. "नोटरी करू" म्हणाला की उठा तिथून.

मालक, आता तुमच्याशी. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यातलं कलम ५५ काढा. करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, माझी नाही. रजिस्टर केलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. माझं म्हणणं असं की खिळ्याचे पैसे ठरलेच नव्हते. अठरा हजार. खाते क्रमांक तुमच्याकडे आहे.