गारांची नोंद कोण ठेवतं?

परवा सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. त्यानं कॅमेरा गोठ्याच्या टिनाकडं फिरवला. गारांनी पाडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे कडब्यावर पडले होते. मग मृग बहाराचं एक फळ त्यानं हातात घेतलं. ‘‘वरून चांगलं दिसते, पण पाह्य,’’ म्हणत अंगठा टेकवला, तर साल आत गेली. गावात सध्या एकच वाद सुरू आहे: नुकसान 33 टक्क्यांच्या वर बसतं की नाही. त्याखाली गेलं तर मदत नाही. पंचनाम्याला तर अजून कोणी फिरकलंच नव्हतं.

मी राहतो स्वित्झर्लंडमधल्या चूर शहरात. वादळांनी माणसं मारण्याचा इतिहास इथंही आहे. 1950-51च्या हिवाळ्यात अटलांटिकवरून आलेली ओली हवा आणि ध्रुवाकडची थंडी आल्प्सवर भिडली, दिवसेंदिवस बर्फ पडत राहिला आणि हिमकडे कोसळून आल्प्सभर 265हून जास्त माणसं गेली. आंदरमाट या एकाच गावावर 20 जानेवारी 1951 रोजी तासाभरात सहा हिमलोट आले, 13 जण दगावले. या गावानं वरच्या उतारावरचं जंगल तोडायला 1397 सालीच बंदी घातली होती, तरीही.

त्यानंतर इथल्या लोकांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. कुठला लोट कुठवर आला, हे गावोगावी नोंदवून नकाशे झाले. लाल पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही, निळ्यात मजबुतीच्या अटींवर बांधता येतं. उतारांवर बर्फ अडवणारी पोलादी कुंपणं उभी राहिली. 1999च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच बर्फ पडला. स्वित्झर्लंडमध्ये 1951च्या हिवाळ्यात शंभराच्या आसपास माणसं गेली होती, या वेळी 17 गेली. शेजारच्या ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूरमध्ये मात्र लोट सुरक्षित ठरवलेल्या भागात शिरला आणि 31 जणांचा जीव गेला. मग नकाशा पुन्हा आखला, संरक्षक भिंत बांधली.

हिमकड्याची वाट ठरलेली असते, गारांची तशी नसते. हा फरक मोठा आहे. शिवाय या देशाकडं पैसा आहे. तेव्हा ‘इथं बघा, तिथं बघा’ असं दादाला सुनावण्याचा मला काडीचा हक्क नाही. मदत त्याला मिळालीच पाहिजे, तीही वेळेवर. त्यासाठी भांडणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. पण दर खेपेला आपली सगळी ताकद टक्केवारीत खर्च होते आणि त्या वादळाबद्दल शिकण्यासारखं काही गावाच्या हाती उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथं सफरचंदाच्या बागांवर गारांची जाळी ताणलेली दिसते. आमच्याकडं ती कोणाला परवडेल, अनुदान किती लागेल, आधी कोणत्या शिवारात लावावी, हे ठरवायला निदान कुठं किती वेळा गारा पडल्या याची यादी तरी हवी.

म्हणून दादाला म्हटलं, ‘‘आबाजींजवळ बस अन् लिहून घे.’’ काल त्यानं वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले. शिवारांची नावं, साल, कोणतं पीक उभं होतं, गार बोराएवढी की लिंबाएवढी. आबाजी अजून 2014च्या गारपिटीपर्यंत पोचलेले नाहीत.